सालकान्ताय खिंड ते उयुनीचे मीठपठार : आम्हा दोघांचा अँडीजमधील प्रवास

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात पायी हिंडावे, असा विचार आम्ही दोघे बरीच वर्षे करत होतो. पेरू आणि बोलिव्हिया या देशांविषयी वाचायला पुष्कळ मिळते, परंतु त्यातील बहुतेक मजकूर युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टवर फिरणाऱ्यांनी लिहिलेला असतो, आणि व्हिसा, लस, बँकेचे कागद हे विषय त्यांच्या वाटेत फारसे येतच नाहीत. पुण्यातून निघणाऱ्या जोडप्याला नेमके काय करावे लागते, हे शोधण्यात आमचे कितीतरी रविवार गेले. म्हणून मे-जून २०२४ मधील आमचा प्रवास तयारीपासून क्रमाने लिहून ठेवत आहे.

पहिला प्रश्न ऋतूचा होता. तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो आणि मे ते सप्टेंबर हा कोरडा, थंड काळ असतो. जून ते ऑगस्ट गर्दी वाढते, म्हणून आम्ही मेचा उत्तरार्ध निवडला. माचू पिचू या इंकांच्या प्राचीन डोंगरी नगराकडे जाणाऱ्या प्रसिद्ध इंका ट्रेलवर दिवसाला केवळ ५०० जणांना प्रवेश असतो आणि त्यात वाटाडे व हमालही धरलेले असतात; परवाना अधिकृत संस्थेमार्फतच काढावा लागतो आणि फेब्रुवारीत ती वाट बंद असते. डिसेंबरमध्ये आम्ही चौकशी केली, तेव्हा मेमधील सोयीच्या तारखा भरत आल्या होत्या. त्यामुळे माचू पिचूकडेच उतरणारी, परंतु अधिक उंचावरून जाणारी सालकान्तायची वाट आम्ही घेतली. तिला रोजच्या संख्येची तशी मर्यादा नाही. मला तर नंतरही हीच निवड योग्य वाटली, कारण या वाटेवर दिवसभर बर्फाचे डोंगर डोळ्यांसमोर राहतात.

व्हिसाच्या बाबतीत आम्हा दोघांना दोन वेगळे नियम लागू झाले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यांपैकी एखादा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा भारतीय पासपोर्टवर असेल, तर पेरूला पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. माझ्या नवऱ्याकडे कामानिमित्त मिळालेला अमेरिकेचा व्हिसा होता, माझ्याकडे नव्हता. त्यामुळे मला दिल्लीतील पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करावा लागला. मी स्वतंत्र व्यवसाय करते, म्हणून नोकरदारांच्या ‘ना हरकत’ पत्राऐवजी व्यवसायाच्या नोंदणीचा दाखला, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि सहा महिन्यांचे बँक विवरण जोडले. शिवाय हॉटेलांची आरक्षणे, जाण्यायेण्याचे विमान आरक्षण, दिवसवार कार्यक्रम आणि विवाहनोंदणीचा दाखलाही दिला. हॉटेले विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत, म्हणजे व्हिसा लांबला तरी पैसे अडकत नाहीत. मार्चच्या सुरुवातीला पाठवलेला अर्ज महिनाअखेरीस मंजूर होऊन पासपोर्ट घरी आला. ते तीन-साडेतीन आठवडे मी रोज दुपारी टपालाची वाट पाहत असे, कारण नवऱ्याचे जाणे नक्की आणि माझे अधांतरी, ही स्थिती दोघांनाही जड जात होती.

विमानाचे तिकीट काढताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. काही युरोपीय देशांच्या विमानतळांवर नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय प्रवाशाला विमानतळ-संक्रमण व्हिसा लागतो. स्वस्त दिसणारी तिकिटे बऱ्याचदा अशाच मार्गांची असतात. आम्ही मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅममार्गे पेरूची राजधानी लिमा असा मार्ग घेतला आणि तो संपूर्ण एकाच तिकिटावर ठेवला. माणशी एक लाख साठ हजारांच्या आसपास खर्च आला, आणि या प्रवासातील सर्वांत मोठी रक्कम हीच होती.

पिवळ्या तापाची लस मात्र सर्वांनाच महत्त्वाची आहे. पेरू आणि बोलिव्हिया हे दोन्ही देश भारताच्या दृष्टीने पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तेथून परतताना प्रमाणपत्र नसेल, तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. आम्ही फेब्रुवारीतच मुंबईच्या सरकारी केंद्राची वेळ घेतली आणि पहाटेच्या गाडीने गेलो. मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारले जाते. माणशी तीनशे रुपये घेतले आणि लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवले. प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवरील नाव आणि पासपोर्ट क्रमांक खुर्चीवरून उठण्यापूर्वी वाचून पाहावा. दुसऱ्या दिवशी अंगात थोडी कणकण होती, तेवढेच. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते.

शरीराची तयारी सिंहगडावर झाली. दर रविवारी पाठीवर वजन घेऊन चढायचे, आणि जानेवारीत राजगड ते तोरणा. पायांना आणि गुडघ्यांना याचा निश्चित उपयोग झाला, परंतु विरळ हवेचा सराव सह्याद्रीत होऊ शकत नाही, हे स्वच्छपणे समजून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तर जेथून ही पदभ्रमंती सुरू होते ते पेरूतील कुस्को हे शहरच ३,४०० मीटरच्या आसपास वसलेले आहे. सालकान्तायची खिंड सुमारे ४,६३० मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के भरतो. आम्ही काही वर्षांपूर्वी हिमालयात सारपास केला होता, तरी डॉक्टरांना भेटून उंचीच्या त्रासावरच्या अ‍ॅसिटाझोलामाइडविषयी विचारले. त्यांनी सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी नाही ना, याची खात्री करून कमी मात्रा लिहून दिली. या गोळीने वारंवार लघवीला जावे लागते आणि बोटांना मुंग्या येतात. आधी ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही. विम्याची पॉलिसीसुद्धा अक्षरशः वाचावी. अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वरची पदभ्रमंती वगळलेली असते. आम्ही ५,००० मीटरपर्यंतचा उल्लेख लेखी मागून घेतला.

१३ मे रोजी पुण्यात लोकसभेचे मतदान होते. ते करून आम्ही १५ तारखेला निघालो.

लिमाला एक रात्र काढून १७ तारखेला कुस्कोला उतरलो, पण तेथे राहिलो नाही. विमानतळावरूनच गाडी करून दोन तासांवरच्या ओयान्तायताम्बो या गावी, म्हणजे २,८०० मीटरच्या खाली आलो. समुद्रकाठच्या लिमाहून थेट कुस्कोला येऊन तेथेच झोपण्यापेक्षा आधी खालच्या खोऱ्यात काही रात्री काढणे शरीराला फार सोपे जाते. नव्याने जाणाऱ्यांना मी सर्वांत आधी हीच गोष्ट सांगेन. पहिले दोन दिवस डोके जड होते, झोप तुटक लागत होती आणि जिना चढताना धाप लागत होती. आम्ही भरपूर पाणी पीत राहिलो, पोटाला तड लागेल इतके जेवणे टाळले आणि गावाभोवतीच्या इंकाकालीन पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून रमतगमत फिरलो. त्या गावात इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्यांमध्ये आजही लोक राहतात, दगडी पाटांतून पाणी खळाळत असते. तेथून मोराय येथील वर्तुळाकार शेते आणि मारासची मिठागरे पाहिली आणि मगच कुस्कोला गेलो. तोवर डोक्याचा जडपणा उतरला होता.

शाकाहारी माणसाचे तेथे हाल होतात, अशी भीती आम्हाला घातली गेली होती. प्रत्यक्षात बटाटा, मका, किन्वा, चीज आणि अंडी सगळीकडे मिळतात. मोठ्या दाण्यांचा उकडलेला मका आणि त्यावर ताज्या चीजची चकती हे रस्त्याकडेचे खाणे आम्हाला फारच आवडले. एवढेच की, भाजीचे म्हणून समोर येणारे सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेले असते, त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मांसाचे पाणीही नको, असे तिन्ही सांगावे लागते. सोबत नेलेली दाण्याची चटणी खिंडीनंतरच्या मुक्कामात उपयोगी पडली. तोवर कोणालाच फारशी भूक नव्हती.

बोलिव्हियाचा व्हिसा आम्ही भारतातून न घेता कुस्कोतील त्यांच्या वाणिज्य दूतावासातून घेतला. आधी त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून पासपोर्ट, छायाचित्र, बँक विवरण, हॉटेल आरक्षण, प्रवासाचा कार्यक्रम आणि पिवळ्या तापाचे प्रमाणपत्र अपलोड करायचे असते. फाइलींचा आकार मर्यादित असल्याने त्या पुण्यातूनच लहान करून नेल्या होत्या, आणि तो शहाणपणा कामाला आला. २१ मे रोजी सकाळी अर्जाची छापील प्रत घेऊन आम्ही दारात उभे होतो. आतील बाईंनी सर्व कागद शांतपणे तपासले, बोलिव्हियातून बाहेर पडण्याचे तिकीट मागितले, आणि त्याच दिवशी दोघांचे व्हिसा पासपोर्टवर लागले. तरीही या कामासाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण स्थानिक सुट्ट्या अचानक आड येतात.

सालकान्तायसाठी आम्ही कुस्कोतील एका संस्थेच्या लहान गटात नाव दिले होते. वाटाड्या, जेवण, मुक्काम, सामान वाहणारी खेचरे आणि माचू पिचूचे प्रवेशपत्र धरून माणशी सुमारे पाचशे डॉलर पडले. खेचरांवर माणशी सातच किलो चालते, म्हणून आदल्या रात्री हॉटेलातील वजनकाट्यावर पिशव्या पुन्हा भरल्या. झोपण्याची पिशवी आणि काठ्या तेथे भाड्याने मिळतात, त्या भारतातून नेण्याची गरज नाही.

२३ मेच्या पहाटे चारला निघून, मोयेपाता गावी न्याहारी करून दुपारपर्यंत सोरायपाम्पाला पोहोचलो. हे साधारण ३,९०० मीटरवरचे माळरान आहे. दुपारी उमान्ताय सरोवरापर्यंत, म्हणजे ४,२०० मीटरपर्यंत चढून परत खाली आलो. उंच जावे आणि खाली येऊन झोपावे, हाच त्यामागचा हेतू. सरोवराचा हिरवानिळा रंग पाहत सगळा गट बसला होता, पण मी मनातल्या मनात उद्याच्या चढाचा अंदाज बांधत होते. रात्री तापमान शून्याखाली गेले. आमचा वाटाड्या केचुआ ही तेथील स्थानिक भाषा बोलणारा होता. त्याने आकाशगंगेतील काळे डाग दाखवून त्यांत लामा हा तेथील उंटासारखा प्राणी कोठे दिसतो ते समजावले. तारे जोडून आकृत्या पाहण्याची आपल्याला सवय असते. अँडीजमधील लोक ताऱ्यांमधील अंधाराच्याही आकृत्या पाहतात.

दुसऱ्या दिवशी पाचला अंधारातच निघालो. घरी आमच्या दोघांचा नेहमीचा क्रम असा की, नवरा लांब टांगा टाकत पुढे जातो आणि गडाच्या दारात माझी वाट पाहत बसतो. येथे मात्र पुण्यातच ठरवले होते की ज्याचा वेग कमी, तो पुढे. चढाच्या नागमोडी वळणांवर, ४,४०० मीटरच्या आसपास, त्याचे डोके दुखू लागले आणि पावले संथ झाली. “अगं, मला जरा पुढे होऊ दे,” असे तो म्हणाला, आणि मी मागे सरकले. वाटाड्याने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, काही प्रश्न विचारले आणि पाणी पाजले. उलटी झाली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर खिंड सोडून घोड्यावरून ताबडतोब खाली जायचे, हे आम्ही तिघांनी तेथेच बोलून घेतले. अशी बोलणी चढताना, डोके ताळ्यावर असतानाच झाली पाहिजेत. पुढचा दीड तास वीस पावले आणि विसावा, वीस पावले आणि विसावा, असा गेला. मला त्या वेळी खिंडीचे काहीच वाटत नव्हते. समोरच्या पाठीकडे आणि त्या पाठीच्या श्वासाकडे माझे सगळे लक्ष होते.

साडेनऊच्या सुमारास आम्ही खिंडीत पोहोचलो. ६,२७१ मीटर उंचीचा सालकान्ताय इतका जवळ उभा होता की हिमकड्यांतून सुटणाऱ्या बर्फाचा आवाज ऐकू येत होता. स्थानिक लोक या शिखराला ‘आपू’, म्हणजे डोंगरदेव मानतात. वाटाड्याने कोकाची तीन पाने निवडून, डोंगराकडे तोंड करून, दगडांच्या राशीखाली ठेवली आणि आम्हा प्रत्येकाला तीन-तीन पाने दिली. आम्हीही ती ठेवून नमस्कार केला. डोंगरावरच्या देवाला नमस्कार करायला आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. कोकाची पाने पेरू-बोलिव्हियात कायदेशीर आहेत आणि त्यांचा चहा सर्वत्र मिळतो, पण ती भारतात किंवा मधल्या कोणत्याही विमानतळावर सोबत आणू नयेत. तो गुन्हा ठरतो.

खिंडीत पंधरा-वीस मिनिटांहून अधिक न थांबता आम्ही उतरू लागलो. ही उतरण फार लांब आहे. सकाळी गवतावर गोठलेले दव पाहिलेल्या माणसाला संध्याकाळी ढगांतील दाट जंगल, बांबू आणि ऑर्किड दिसतात, आणि अंगावरचे कपडे एकेक करून पिशवीत जातात. २,९०० मीटरवरील चाउयायला पोहोचेपर्यंत नवऱ्याची डोकेदुखी पूर्ण थांबली होती आणि त्याने दोन वाट्या सूप मागून घेतले. उंचीच्या त्रासावर खाली उतरण्याइतके खात्रीचे औषध नाही, असे वाचले होते. त्या दिवशी ते प्रत्यक्ष पाहिले. गुडघे मात्र बोलू लागले होते, आणि दोन्ही काठ्या नसत्या तर ती उतरण मला जड गेली असती.

पुढचे दोन दिवस नदीकाठाने, कॉफीच्या मळ्यांतून गेले. लुक्माबाम्बात एका घरी कॉफी भाजून, दळून, तेथेच प्यायला मिळाली. याक्तापाताच्या चढावरून पलीकडच्या डोंगरधारेवर माचू पिचू पहिल्यांदा दिसते आणि ते दुरूनच पाहणे मला अधिक भावले, कारण त्या जागेभोवती किती खोल दऱ्या आहेत हे तेथूनच कळते. मग जलविद्युत केंद्रापासून रुळांच्या कडेने दोन-तीन तास चालून माचू पिचूच्या पायथ्याचे आग्वास कालिएन्तेस गाठले. या गावाला मोटाररस्ता नाही, सगळी ये-जा रेल्वेने किंवा पायी होते.

२७ मे रोजी माचू पिचूला गेलो. परदेशी प्रौढासाठी नेहमीचे तिकीट तेव्हा १५२ सोल (पेरूचे चलन), म्हणजे साधारण ३,४०० रुपयांचे होते. ते पासपोर्टवरील नावाने, ठरावीक तासाचे मिळते. दारात मूळ पासपोर्ट पाहतात. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही, काठीच्या टोकाला रबर लागते आणि स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे. आम्ही जाऊन आल्यानंतर, १ जून २०२४ पासून, आतील फिरण्याचे तीन मुख्य मार्ग आणि त्यांचे दहा उपमार्ग ठरवण्यात आले आहेत. तिकीट घेतानाच मार्ग निवडावा लागतो आणि नंतर तो बदलत नाही, त्यामुळे वरच्या सज्ज्यावरून दिसणारे परिचित दृश्य हवे असेल तर नकाशा समोर ठेवूनच तिकीट घ्यावे.

कुस्कोला विश्रांती घेऊन आम्ही बसने पुनोला आणि तेथून ३१ मे रोजी सीमेकडे निघालो. तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर आहे, पण आता ती उंची जाणवत नव्हती. कासानी येथे बस थांबते, प्रवासी पेरूच्या कचेरीत बाहेर पडल्याची नोंद करतात, कमानीखालून चालत जातात आणि पलीकडे बोलिव्हियाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहतात. पुन्हा पिवळी पुस्तिका, पुन्हा हॉटेलचा कागद. भारतीय पासपोर्ट क्वचितच येत असावेत, कारण अधिकाऱ्याने व्हिसा दोनदा निरखून पाहिला, मग हसून तीस दिवसांचा शिक्का मारला. बोलिव्हियाचे घड्याळ एक तास पुढे असते, पुढची बस किंवा बोट पकडताना हे लक्षात ठेवावे. सरोवरकाठच्या कोपाकाबाना गावाहून सरोवरातील सूर्यबेटावर जाऊन एक रात्र राहिलो. बेटावर मोटारी नाहीत, सामान पाठीवर किंवा गाढवावर न्यावे लागते. ला पाझच्या वाटेवर तिकिना येथे प्रवासी छोट्या बोटीतून आणि बस तराफ्यावरून सरोवर ओलांडते. पासपोर्ट आणि पैसे बसमध्ये ठेवू नयेत.

ला पाझमध्ये २०१४ पासून सुरू झालेली रोपवेची, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांची, नागरी वाहतूक आहे. तेव्हा तीन बोलिव्हियानोंत खोलगट शहरातून ४,१०० मीटरवरच्या एल आल्तो या शेजारच्या शहरापर्यंत जाता येत होते. आम्ही संपूर्ण दुपार त्यातच घालवली. बोलिव्हियात त्या काळात डॉलरची टंचाई होती. बँकेचा दर एका डॉलरला ६.९६ बोलिव्हियानो होता आणि पैसे बदलणाऱ्यांच्या दुकानांत त्याहून बराच अधिक मिळत होता. अशा वेळी कार्डापेक्षा कोऱ्या, न फाटलेल्या डॉलर नोटा नेणे हिताचे. मळक्या नोटा कोणीही घेत नाही.

उयुनीचा भाग थोडक्यात सांगते, कारण तेथे चालणे कमी आणि गाडीत बसणे जास्त होते. तीन दिवसांच्या फेरीसाठी तेव्हा माणशी दोनशे डॉलरच्या आसपास घेत होते आणि वाटेतील राखीव निसर्गक्षेत्राचे १५० बोलिव्हियानो वेगळे द्यावे लागले. १०,००० चौरस किलोमीटरहून मोठे हे मीठपठार जूनमध्ये कोरडे असते आणि पायाखाली मिठाचे षट्कोन दूरवर पसरलेले दिसतात. खरी कसोटी दुसऱ्या रात्रीची असते. ४,२०० मीटरहून उंच, तापवण्याची सोय नसलेला मुक्काम, आणि बाहेर उणे पंधरा. भाड्याची झोपण्याची पिशवी येथे पुन्हा घ्यावीच. ठाण्याच्या खाडीत आणि उजनीवर आम्ही रोहित पक्षी पाहिले आहेत, पण लागुना कोलोरादाच्या तांबड्या पाण्यात, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत असताना, तीन वेगळ्या जातींचे रोहित पाहणे हा निराळाच आनंद होता. नवरा दुर्बीण सोडायला तयार नव्हता आणि चालक गाडीतून हाका मारत होता. पहाटे ४,८०० मीटरहून उंचावरील वाफेच्या झऱ्यांपाशी गेलो, तेव्हा दोघांनाही कसलाच त्रास झाला नाही. तोवर आम्ही उंचीवर तीन आठवडे काढले होते.

१० जूनला ला पाझहून लिमामार्गे परतलो. दोघांचा मिळून साडेसहा लाखांपर्यंत खर्च झाला. त्यातील निम्मा विमानात गेला. राहणे आणि खाणे तुलनेने स्वस्त पडले. कमी सुट्टी असेल, तर बोलिव्हिया वगळून फक्त पेरू करावा, पण खिंडीपूर्वीचे खोऱ्यातील आणि कुस्कोमधील मुक्काम कापू नयेत. रस्तारोको या भागात वारंवार होतात आणि बस एकेक दिवस अडकून पडते, त्यामुळे परतीच्या विमानाआधी निदान दोन रात्री रिकाम्या ठेवाव्यात. आमच्या त्या रात्री वापराव्या लागल्या नाहीत, म्हणून त्या लिमाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्या.